दुसऱ्याचा घसारा

दार लागल्याचा आवाज हे काही गाडी घेण्याचं कारण होऊ शकत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर सुरुवात तिथूनच झाली. एकदा काम उशिरापर्यंत चाललं आणि ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी मला त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. बाहेर धो धो पाऊस, हॉर्न, कुणीतरी कुणावर तरी खेकसतंय. मी दार ओढून घेतलं, 'थप्' असा जाड, बुटका आवाज झाला आणि बाहेरचं सगळं बाहेरच राहिलं. माझ्या तेव्हाच्या छोट्या गाडीचं दार लावलं की पत्र्याचा डबा आपटल्यासारखा 'ठण्ण' आवाज यायचा, आणि पहिल्या फटक्यात ते लागेलच याची खात्री नसायची.

तो 'थप्' आपसूक येत नाही, हे नंतर वाचनात आलं. दाराच्या पत्र्याला आतून वजनदार पट्ट्या चिकटवलेल्या असतात, खटका पत्र्यावर खणखणू नये म्हणून त्याला वेष्टण असतं, कडेचं रबर दुहेरी असतं. मोठ्या कंपन्यांत दाराचा आवाज जुळवणं हे काही माणसांचं रोजचं काम असतं. म्हणजे मला जे भारावून गेल्यासारखं झालं, ते माझ्यासारखीला तसं व्हावं म्हणूनच घडवलेलं होतं. हे कळूनही काही उपयोग झाला नाही.

माझा धंदा ऑडिटचा. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे. नोकरीला सहा वर्षं झाली होती, शिक्षणाचं कर्ज फिटलं होतं, आणि जिच्यावर आधीपासून कुणाचाच हक्क नाही अशी रक्कम पहिल्यांदाच हातात होती. तेवढ्यात एक नवी, मध्यम, चारचौघांकडे असते तशी गाडी येत होती. आणि तेवढ्यातच कुणीतरी पाच-सहा वर्षं वापरलेली, बोनेटवर मानाचं चिन्ह मिरवणारी गाडीही येत होती. अशा वेळी ऑडिटरला पहिला प्रश्न पडायला हवा, की असं का? मला पडलेला प्रश्न होता, मग लोक नवी का घेतात?

उत्तर घसाऱ्यात आहे. हा शब्द मला शिकत होते तेव्हापासून आवडतो. इंग्रजीत किंमत नुसती कमी होते, मराठीत ती घासली जाते. वहीत घसारा दोन तऱ्हांनी लावतात. एक, दरवर्षी सारखी रक्कम. दुसरी, उरलेल्या रकमेवर ठरावीक टक्के, म्हणजे आधी मोठा घास आणि मग लहान लहान. गाड्यांचा बाजार ही दुसरी तऱ्हा पाळतो आणि महागड्या गाड्यांच्या बाबतीत फारच निर्दयपणे पाळतो. ज्याला नवी परवडते त्याला जुनी नको असते. ज्याला जुनी परवडेल असं वाटतं, त्याला ती सांभाळायची धास्ती असते. त्यात कंपनी दर काही वर्षांनी नवं मॉडेल आणते आणि कालचा राजा एका दिवसात जुना दिसायला लागतो. पहिल्या तीन-चार वर्षांत किमतीचा मोठा हिस्सा उडालेला असतो, आणि गाडी तर नव्यासारखीच दिसत असते. थोडक्यात, घसारा दुसऱ्याने भरायचा आणि गाडी मला मिळणार. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

कागदावर नव्हतं ते एवढंच, की घसारा वेगळा आणि झीज वेगळी. वहीत दोघं हातात हात घालून चालतात, गाडीत नाही. किंमत आधी धाडकन कोसळते आणि मग सपाट होते. झीज आधी दिसतच नाही आणि मग एकदम चढायला लागते. रबर, सील, प्लास्टिकचे पाइप, पंप, सेन्सर ही सगळी मंडळी कधीतरी आपसांत ठरवल्यासारखी एकापाठोपाठ एक रजेचे अर्ज टाकतात. पहिला मालक घसारा भरून कधीच निघून गेलेला असतो. झीज भरायला दुसरा असतो, नाहीतर तिसरा.

हे मला आमच्या मेकॅनिक काकांनी फार कमी शब्दांत सांगितलं होतं. मी माझा बेत मोठ्या उत्साहाने ऐकवला, तर ते हात पुसत म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

मी म्हटलं, "काका, पण ही कोंबडी मुळात रुपयाची होती."

"तेच सांगतोय. कोंबडीचा भाव पडला. मसाल्याचा कुठे पडला?"

गाडी एक तृतीयांश किमतीला मिळाली म्हणून तिचा हेडलाइट एक तृतीयांश किमतीला मिळत नाही. दिवा बनवणाऱ्याला तुम्ही कितवे मालक आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं. विकत घेताना गाडी तुमच्या पगाराची असते. दुरुस्त करताना ती पहिल्या मालकाच्या पगाराची होते.

तरीही मी बघायला निघालेच. सोबत धाकटा भाऊ. त्याला गाडी चालवता येत नाही, घ्यायची नाही, पैसे त्याचे नाहीत; तरी एजंट सगळं त्यालाच समजावून सांगायचे. "सर, टॉप मॉडेल आहे. सर, सिंगल ओनर." माझ्याकडे वळून एवढंच, "मॅडम, कलर बघा ना." सुरुवातीला राग यायचा. मग लक्षात आलं की ही सोय आहे. तो तिकडे गंभीर चेहऱ्याने माना डोलवतोय तोवर मला गाडीभोवती निवांत फिरता येतं.

आणि तसं फिरताना धंद्याची नजर जागी झाली. टायरच्या कडेला कोरलेल्या अक्षरांमध्ये शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका गाडीला चार वेगळ्या कंपन्यांचे टायर होते, तेही सगळे स्वस्तातले. मला टायरची चिंता नव्हती. जो माणूस रस्त्याला टेकणाऱ्या एकुलत्या एका गोष्टीवर पैसे वाचवतो, तो डोळ्यांआडच्या ऑइलवर खर्च करत असेल का, ही चिंता होती. काचांवर कोपऱ्यात बारीक खुणा असतात. तीन काचा एका वर्षाच्या आणि चौथी दोन वर्षांनी धाकटी असेल तर त्या बाजूला कधीतरी काहीतरी घडलेलं असतं. गाडीचा ओळख क्रमांक सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. हा क्रमांक समोरच्या काचेखाली, दाराच्या खांबावर आणि कागदपत्रांत सारखाच हवा. हे ताळे घालण्यात मला भलतीच मजा यायला लागली. भाऊ म्हणाला, "ताई, तू गाडी घ्यायला आलीयेस की धाड टाकायला?"

एक काळी गाडी होती, नजर हटू नये अशी. रनिंग इतकं कमी की ऐकून आनंद व्हावा. मी आत बसले आणि खाली वाकून पेडल बघितले. ब्रेकच्या रबरावर आडव्या रेघांची नक्षी असते. उजव्या कोपऱ्यात ती पार पुसून गेली होती, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. सीटची दाराकडची कड बसलेली. स्टिअरिंगचं कातडं, डावा हात जिथे विसावतो नेमकं तिथेच, तुपकट चकाकत होतं. मीटर मागे फिरवता येतं. पायाने घासलेलं रबर मागे फिरवायची कला अजून कुणाला साधलेली नाही. घसारा या शब्दाचा शब्दशः अर्थ मला त्या दिवशी बोटाला लागला.

दुसऱ्या एका ठिकाणी गेलो तर इंजिन आधीच गरम. "तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली." किती ते अगत्य! जुन्या इंजिनाचं खरं बोलणं फक्त थंड असताना ऐकू येतं. पहिल्या काही सेकंदांतली खडखड, मागून येणारा निळसर धूर म्हणजे जळणारं ऑइल, हे सगळं गरम झालं की इंजिन गिळून टाकतं. तिथेच काकांनी डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. हे सॉकेट अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं आणि नंतर जगभर पसरलं. स्क्रीनवर एकही दोष नाही. एजंट खूश. काका मात्र पुढच्या पानावर गेले. गाडीचा संगणक स्वतःच्या काही चाचण्या स्वतः घेत असतो. दोष पुसले की त्या चाचण्याही पुसल्या जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बऱ्यापैकी चालवावी लागते. इथे निम्म्याहून जास्त चाचण्या अपूर्ण होत्या. काका पुटपुटले, "पाटी कोरी आहे, पण खडूची धूळ अजून खाली पडलीय."

एवढी शहाणी झाले असं वाटत असतानाच मी पडले ती एका चंदेरी गाडीच्या प्रेमात. संध्याकाळी बघितली, चालवली. खड्डे जणू दुसऱ्याच कुणाच्या रस्त्यावर होते. दार लावलं आणि तोच 'थप्'. कागद ठीक, टायर ठीक, पेडल ठीक. काका म्हणाले, "हवेचं सस्पेन्शन आहे. उद्या सकाळी, कुणी हात लावायच्या आत बघून या."

गेले. गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसली होती. पुष्कळ वेळ उभं राहिलेला माणूस एका पायावर भार टाकतो ना, तशी. एजंटाने धावत येऊन सुरू केली. कुठूनतरी घरघर आली आणि ती हळूहळू, गुडघ्यावर हात देऊन उठावं तशी, सरळ झाली. हवेच्या सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. रबर घड्यांमध्ये चिरतं, हवा रात्रभर झिरपते, आणि ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर जास्त राबतो, मग तोही जातो. एक पिशवी गेली की उरलेल्याही त्याच वयाच्या असतात.

इथे निघून यायला हवं होतं. मी चार दिवस घोळ घातला. लॅपटॉपवर तक्ता केला, कारण आम्ही लोक प्रेमातही तक्ते करतो. सस्पेन्शनचा खर्च धरला की गणित बसेना. मग मी तो खर्च पुढच्या वर्षात ढकलला. मग विमा थोडा कमी धरला. मग 'इतर देखभाल' या ओळीतला आकडा नुसताच निम्मा केला, शेजारी 'अंदाजे' असं लिहून. रात्री एक वाजता गणित बसलं. आणि सकाळी दात घासताना एकदम लख्ख दिसलं की हे मी बघितलेलं आहे. अगदी ह्याच क्रमाने. खर्च पुढच्या वर्षात ढकलणं, 'अंदाजे' शब्दाचा आडोसा घेणं, हे ज्यांच्या वह्यांत सापडतं त्यांना मी लालपेनाने प्रश्न विचारते. फरक इतकाच की ते लोक बँकेला फसवत असतात, आणि माझ्या तक्त्याला वाचक एकच होता.

का, याचा विचार त्या आठवड्यात बराच केला. सगळ्यांना सांगायला माझ्याकडे एक सभ्य उत्तर तयार होतं, सुरक्षितता. ते खोटंही नाही. बॉशने बनवलेलं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ साली आधी मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आलं, आज ते साध्या गाड्यांतही असतं. महागड्या गाडीत आज जे असतं ते पुष्कळदा उद्या सगळ्यांकडे येतं, म्हणून जुनी महागडी म्हणजे स्वस्तात मिळालेला उद्या, असा माझा युक्तिवाद. त्याची दुसरी बाजू मी सांगत नसे, की पहिल्यांदा येणारी वस्तू बऱ्याचदा कच्ची असते, आणि इंजिन सावकाश म्हातारं होत असलं तरी डॅशबोर्डवरचा पडदा चार वर्षांत आजोबा होतो.

खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. मीटिंगला गेले की समोरचे अजूनही विचारतात, "साहेब मागून येतायत का?" एजंट भावाशी बोलायचे, तसंच ते. मला अशी गाडी हवी होती जी माझ्या आधी बोलेल. मी उतरायच्या आत काही प्रश्न मिटलेले असतील. आता एका कोपऱ्यात बसलेली, घरघर करत उठणारी गाडी माझ्या वतीने नेमकं काय बोलणार होती, हे मला विचारू नका.

चंदेरी गाडी सोडली. वाईट वाटलं, अजूनही त्या मॉडेलची दुसरी दिसली की मान वळते.

कॉलेजात आम्हाला जॉर्ज अकरलॉफ यांचा एक सिद्धांत होता. १९७० साली त्यांनी जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला; पुढे २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. मुद्दा सोपा आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरीचाच भाव देऊ करतो. त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो निघून जातो. उरतात त्या रद्दड. मग सरासरी आणखी घसरते. परीक्षेत मी यावर पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आपण त्या उत्तरात उभ्या राहून कुणाच्या तरी बोनेटखाली डोकं घालणार आहोत, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मग एका डॉक्टर बाईंकडे गेले. मध्ये एजंट नव्हता. गाडी गडद निळी, खालच्या श्रेणीतली. सनरूफ नाही, चाकं लहान, स्प्रिंग साध्या लोखंडी. बाईंनी किल्लीआधी माझ्या हातात वहीचं एक फाडलेलं पान दिलं. त्यावर सात ओळी. मागची उजवी काच चढताना अडते. एसीचा पंखा एक नंबरवर किरकिरतो. पुढे डावीकडे खड्ड्यात 'टक्' आवाज येतो, बुश (सांध्यातलं रबर) असावा. मागचा बंपर खांबाला घासला होता, रंगवला आहे. पडदा कधीकधी आपोआप बंद होऊन चालू होतो. इंजिनावरच्या झाकणातून (टॅपेट कव्हर) ऑइल पाझरतं, खाली ठिपका पडत नाही. दुसऱ्या किल्लीने डिकी उघडत नाही.

"हे सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणखी काही असेल तर मला माहीत नाही."

माझी पहिली प्रतिक्रिया कृतज्ञतेची नव्हती, संशयाची होती. लहान चुका आपणहून कबूल करून मोठी झाकायची, हे फार जुनं तंत्र आहे. म्हणून मी ती गाडी बाकी सगळ्यांपेक्षा कडक तपासली. काकांनी लिफ्टवर चढवली, रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. मागचा बंपर त्याला लोखंडी नसल्याने मोजता आला नाही, पण बाजूचे पत्रे सगळीकडे सारखे होते. मी बिलांची फाइल घेऊन कोपऱ्यात बसले. तारखा, रनिंगचे आकडे, ओळीने चढत जाणारे, मध्ये भगदाड नाही. आणि मग एक बिल सापडलं, ज्याने माझा निर्णय झाला. गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं.

हे जरा समजावून सांगायला हवं. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभरासाठी' भरलेलं असतं असं सांगितलं जातं. कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे सांगत नाहीत. अशा कित्येक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. गाडी विकणाऱ्याच्या दृष्टीने आयुष्य म्हणजे पहिल्या मालकाचा काळ. हे ऑइल बदलणारा माणूस आपण गेल्यानंतरच्या माणसाचा विचार करत असतो, किंवा निदान गाडी टिकावी अशी त्याची इच्छा असते. बाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, "कुठलं द्रव आयुष्यभर टिकतं? मला तर एकही माहीत नाही." डॉक्टर होत्या.

मी घासाघीस केली नाही, असं लिहिलं तर छान दिसेल, पण केली. बुश आणि टॅपेट कव्हरचे पैसे कमी करून घेतले.

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढची सगळी चर्चा त्या चिन्हाभोवतीच होईल. एवढं सांगते की तिचे बरेचसे खालचे भाग त्याच घराण्यातल्या एका साध्या गाडीतही बसतात, जशी लेक्सस या टोयोटाच्याच महागड्या शाखेची ईएस आणि टोयोटाची कॅमरी या जवळच्या नातेवाईक आहेत. मोठ्या घरातल्या सुनेचं माहेर साधं असलं की अडीअडचणीला बरं पडतं. काकांच्या सल्ल्याने किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आणि ती माझी नाहीच असं ठरवलं. पहिल्या वर्षात त्यातली निम्मी गेली. त्यात एक बॅटरी होती, जी बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला रीतसर कळवावं लागलं की बाई, नवी बॅटरी आलीय. मला आधी काका चेष्टा करतायत असं वाटलं होतं.

आणि मीटिंगांचं काय? पहिल्याच क्लायंटकडे त्यांच्या हिशेबनीसांनी खिडकीतून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला त्यांच्या डोळ्यांत चक्क दिसलं की आता हे आमच्या फीबद्दल विचार करतायत. तेव्हापासून मी गाडी एक गल्ली सोडून लावते आणि चालत जाते. "साहेब मागून येतायत का?" अजूनही विचारतात. भाऊ आता गाडी शिकलाय, माझ्याच गाडीवर, आणि त्याला बघून लोक ती त्याची समजतात.

डॉक्टर बाईंचं ते पान ग्लव्हबॉक्समध्ये आहे. सातातल्या चार ओळींवर रेघ मारली आहे. पडदा अजूनही मनात आलं की बंद होतो, पंखा किरकिरतो, डिकी पहिल्याच किल्लीने उघडते. गेल्या महिन्यात खाली आठवी ओळ लिहिली, माझ्या अक्षरात. चालकाचं दार थंड सकाळी पहिल्या फटक्यात लागत नाही.